स्वतःच्या गाडीशिवाय कोकण: रेल्वे, एसटी आणि तरीने फिरताना

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतली किनाऱ्यावरची गावं पाहायची तर स्वतःची किंवा भाड्याची गाडी हवीच, असा समज शहरात पक्का बसला आहे. तो समज सोडून द्या. या गावांत राहणाऱ्या बहुसंख्य माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या एसटीनेच बाजार केला, शाळा-कॉलेज केलं, दवाखाना गाठला. त्याच गाड्यांनी पाहुण्यालाही फिरता येतं. फक्त एक गोष्ट मनात पक्की धरावी लागते: इथलं वेळापत्रक गावाच्या गरजेने बनलेलं आहे, पर्यटकाच्या नाही. गावाचा दिवस कसा चालतो हे समजून आखणी केली, की कोकणातला प्रवास सोपा होतो आणि स्वस्तही.

आधी नकाशा समजून घ्या

कोकणचा नकाशा माशाच्या काट्यासारखा आहे. मधला लांब काटा म्हणजे मुंबई–गोवा महामार्ग आणि कोकण रेल्वे. हे दोन्ही मार्ग उत्तर-दक्षिण जातात, पण समुद्राला लागून नाही, बरेच आत. त्या काट्यापासून समुद्राकडे फुटलेले आडवे काटे म्हणजे दापोली, गुहागर, देवगड, मालवण, वेंगुर्ला या गावांकडे जाणारे रस्ते. दोन आडव्या काट्यांच्या मध्ये बहुतेक ठिकाणी खाडी असते. सह्याद्रीतून निघालेल्या सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, कर्ली अशा नद्या पश्चिमेला वाहत येतात आणि समुद्राजवळ रुंद होतात, त्यामुळे किनारा तुकड्यातुकड्यांत विभागला गेला आहे.

याचा प्रवासावर थेट परिणाम होतो. मालवणजवळच्या देवबागच्या टोकावर उभं राहिलं की कर्लीच्या पलीकडे भोगवे अगदी समोर दिसतं. रस्त्याने मात्र आत जाऊन, पूल ओलांडून, मोठा वळसा घालूनच तिथे पोचता येतं. म्हणून 'नकाशावर जवळ दिसतंय, जाऊ चालत-फिरत' असा बेत इथे फसतो. एका सहलीत एकच आडवा काटा निवडा: एक तालुका, एक मुक्काम, आणि त्या मुक्कामाभोवतीची गावं. चार दिवसांत दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळं पाहायचा हट्ट धरला, तर बहुतेक वेळ बसस्थानकांवर जातो.

कोणत्या स्टेशनवर उतरायचं?

२६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा संपूर्ण कोकण रेल्वेमार्ग सुरू झाला आणि मुंबईहून तळकोकणात जाणं एका रात्रीवर आलं. आजही दूरच्या प्रवासासाठी रेल्वेच उत्तम. पण उतरायचं स्टेशन नीट ठरवा.

श्रीवर्धन, हरिहरेश्वरसाठी माणगाव. दापोली, हर्णै, आंजर्ल्यासाठी खेड. गुहागर, वेळणेश्वर, हेदवीसाठी चिपळूण. गणपतीपुळे, पावस, पूर्णगडसाठी रत्नागिरी. देवगडसाठी कणकवली किंवा नांदगाव रोड. पैकी कणकवलीला जास्त गाड्या थांबतात. मालवण, तारकर्लीसाठी कुडाळ सर्वांत सोयीचं. वेंगुर्ला, शिरोड्यासाठी कुडाळ किंवा सावंतवाडी रोड.

तीन स्टेशनांच्या बाबतीत गफलत होते. 'सिंधुदुर्ग' हे स्टेशन जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या ओरोसला आहे. सिंधुदुर्ग किल्ला मालवणच्या समुद्रात. किल्ला पाहायला निघालेल्या माणसाने केवळ नावावरून तिथलं तिकीट काढू नये. राजापूर रोड स्टेशन राजापूर शहरापासून बरंच लांब आहे. सावंतवाडी रोड मळगावात आहे, शहरात नाही. रात्री उशिरा किंवा पहाटे गाडी पोचत असेल तर उतरण्याच्या ठिकाणाची वाहनव्यवस्था आधी विचारून ठेवा. मुक्कामाच्या ठिकाणच्या माणसाला एक फोन केला तरी ओळखीचा रिक्षावाला मिळतो.

मुंबईहून दिवसा निघायचं असेल तर मांडवी आणि जनशताब्दी, रात्री निघायचं असेल तर कोकणकन्या आणि तुतारी या कोकणवासीयांच्या नेहमीच्या गाड्या. दिवा–सावंतवाडी पॅसेंजर लहान स्टेशनांवर थांबत जाते. वेळ खूप लागतो, पण विन्हेरे, दिवाणखवटी, आडवली अशा गावांजवळ उतरायचं असेल तर तिचाच आधार. केरळकडे जाणाऱ्या अनेक लांब पल्ल्याच्या गाड्या कोकणात मोजकेच थांबे घेतात, म्हणून आरक्षण करण्याआधी थांब्यांची यादी पाहा.

रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी खुलं होतं. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या तारखांना पहिल्याच दिवशी तिकीट काढायला हवं. मिळालं नाही तर पर्याय म्हणून थोडं अलीकडच्या किंवा पलीकडच्या स्टेशनचं तिकीट तपासा. कुडाळला जागा नसेल तर कणकवली किंवा सावंतवाडी रोडला असू शकते, आणि तिथूनही मालवण गाठता येतं.

स्टेशन ते स्टँड

कोकणातल्या बहुतेक गावांत रेल्वे स्टेशन आणि एसटी स्टँड एकमेकांपासून लांब आहेत. रत्नागिरीत तर स्टेशन शहराबाहेर, कुवारबावच्या बाजूला. काही गाड्यांच्या वेळेला एसटी स्टेशनवर येते, पण ती मिळेलच असं धरून चालू नका. रिक्षा बहुधा मीटरवर चालत नाहीत. ठरलेले दर असतात, ते बसण्याआधी विचारा आणि समोरच्या गाडीतून उतरलेल्या आणखी एखाद्या प्रवाशाला 'स्टँडला चाललाय का?' असं विचारून भाडं वाटून घ्या. इथे ते सहज चालतं.

स्टँडवर पोचल्यावर पहिलं काम चहाचं नाही, चौकशी खिडकीचं. जायच्या गावाची पुढची गाडी कधी, ती कोणत्या फलाटाला लागते आणि शेवटची गाडी कधी, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरं कागदावर लिहून घ्या. त्याच वेळी परतीच्याही वेळा विचारल्या तर पुढचे दोन दिवस निश्चिंत जातात. इंटरनेटवरची वेळापत्रकं अनेकदा जुनी असतात. आगारातल्या वाहतूक नियंत्रकाचा शब्द त्यांहून भरवशाचा.

गावाच्या गाडीचं गणित

एखाद्या किनाऱ्यावरच्या गावातली गाडी कशी फिरते ते पाहा. संध्याकाळी तालुक्याहून सुटलेली गाडी रात्री गावात पोचते आणि तिथेच राहते. ही वस्तीची गाडी. चालक-वाहक गावात झोपतात. पहाटे किंवा सकाळी हीच गाडी गावातून निघते, कॉलेजची मुलं, बाजाराला जाणाऱ्या बायका, कोर्ट-कचेरीचं काम असलेली माणसं घेऊन तालुक्याला जाते. मग सकाळी उशिरा एखादी फेरी, दुपारी शाळा सुटायच्या वेळेला एक, संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला एक. म्हणजे सकाळचा ओघ गावाकडून तालुक्याकडे, संध्याकाळचा तालुक्याकडून गावाकडे.

पाहुण्याला नेमकं उलट हवं असतं. सकाळी तालुक्याच्या हॉटेलातून किनाऱ्यावरच्या गावी जायचं आणि अंधार पडताना परत यायचं. अशा वेळी जाताना गाडी मिळते, पण परतीची संध्याकाळची गाडी गावातच मुक्कामाला राहणारी निघते. यावर दोन उपाय आहेत. पहिला, मुक्काम गावातच करा. किनाऱ्यावरच्या अनेक गावांत घरगुती राहण्या-जेवण्याची सोय होते, आणि मग सकाळच्या गाडीने तालुका पाहून संध्याकाळच्या गाडीने परतता येतं. तुमचा प्रवास आणि गावाचा प्रवास एकाच दिशेचा होतो. दुसरा, तालुक्यात राहायचंच असेल तर सकाळची पहिली सोयीची गाडी पकडा आणि दुपारच्या फेरीने परत या. समुद्रावरची संध्याकाळ हवी असेल तर पहिला उपायच खरा.

याच गणितातून आणखी काही नियम निघतात. लांबून येणाऱ्याने तालुक्याच्या स्टँडवर दुपारच्या आत पोचावं, म्हणजे एखादी फेरी चुकली तरी पुढची हातात राहते. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी शाळा-कॉलेजच्या फेऱ्या बंद असतात; मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत वेळापत्रकच बदलतं. त्यामुळे शनिवारी विचारलेली वेळ रविवारी लागू पडेलच असं नाही. चौकशी करताना वार सांगून विचारा.

पाटी, मार्ग आणि तिठा

एसटीच्या पाटीवर शेवटच्या गावाइतकंच महत्त्व 'मार्गे' या शब्दापुढच्या नावाला आहे. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणारी गाडी आरे-वारे मार्गे असेल तर समुद्राच्या कडेने जाते, निवळी मार्गे असेल तर आतून, महामार्गाने. कुडाळहून मालवणला चौके मार्गे आणि कट्टा मार्गे असे वेगळे रस्ते आहेत. तुमचं गाव मधलं असेल तर पाटी पाहून न थांबता वाहकाला विचारा. शेवटच्या स्थानकाचं नाव तुमच्या गावाशी जुळत नसलं तरी गाडी तिथून जात असू शकते.

महामार्गावरून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांनी आलात तर तिठ्यावर उतरावं लागतं. रत्नागिरीसाठी हातखंबा, गणपतीपुळ्यासाठी निवळी, विजयदुर्गासाठी तरेळे, मालवणसाठी कसाल ही नावं लक्षात ठेवा. गोव्याकडे जाणाऱ्या खासगी बस बऱ्याचदा शहरात शिरत नाहीत. सावंतवाडीला जाणाऱ्याने झाराप–पत्रादेवी रस्त्यावर नेमकं कुठे उतरवणार हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावं. पहाटे चार वाजता सामान घेऊन तिठ्यावर उभं राहण्यापेक्षा थोडं जास्त भाडं देऊन स्टँडपर्यंत येणारी एसटी बरी.

एसटी नसेल तिथे सहा आसनी रिक्षा किंवा वडाप चालतं. माणसं भरल्याशिवाय ते सुटत नाही, आणि अंधार पडल्यावर मिळत नाही. चढण्याआधी भाडं आणि उतरण्याची जागा स्पष्ट करून घ्या.

खाडी ओलांडताना

किनाऱ्याने प्रवास करायचा असेल तर तरीची माहिती हवी. दाभोळ–धोपावे ही वाहनं नेणारी फेरीबोट २००३ साली सुरू झाली आणि दापोली व गुहागर हे दोन तालुके जवळ आले. त्याआधी एकातून दुसऱ्यात जायला खेड-चिपळूणचा वळसा पडायचा. अशाच फेरीबोटी सावित्रीच्या खाडीवर वेसवी–बागमांडला, शास्त्रीच्या खाडीवर तवसाळ–जयगड आणि राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा–दिघी इथे चालतात. त्यांत पायी प्रवाशालाही जागा असते आणि त्याचं तिकीट अगदी थोडं.

अडचण फेरीबोटीची नसते, उतरल्यावरची असते. धोपाव्याच्या धक्क्यावर प्रत्येक फेरीला गुहागरची एसटी उभी नसते. म्हणून आधी पलीकडच्या गाडीची वेळ शोधा आणि तिच्या मागे जात जात अलीकडची फेरी ठरवा. वेळ जमत नसेल तर फेरीवरच एखाद्या वाहनवाल्याला विचारा, किंवा गावातल्या रिक्षावाल्याचा नंबर आधी मिळवून ठेवा.

अलिबागकडे जाणाऱ्यांसाठी गेटवे ऑफ इंडिया–मांडवा लाँच आणि भाऊचा धक्का–मांडवा रो-रो हे मुंबईहून सोपे मार्ग. गेटवेच्या बोटीच्या तिकिटात बहुधा मांडवा ते अलिबाग बसचा प्रवास धरलेला असतो, तो विचारून घ्या.

दोन बेत

मालवणचा बेत असा. मुंबईहून रात्रीच्या कोकणकन्येने निघा, सकाळी कुडाळला उतरा, रिक्षाने स्टँड आणि तिथून मालवणची गाडी. दुपारच्या आत मालवणात. किल्ल्याची होडी धक्क्यावरून मिळते. दुसऱ्या दिवशी एसटीने किंवा रिक्षाने तारकर्ली-देवबाग. तिसऱ्या दिवशी आचऱ्याकडे किंवा मालवणच्या बाजारात. परतीला सावंतवाडीहून संध्याकाळी निघणारी तुतारी कुडाळला पकडली की सकाळी दादर. सगळा प्रवास एकाच आडव्या काट्यावर, सामान रोज हलवावं लागत नाही.

दुसरा बेत थोडा धाडसी, पण एकही रस्ता पुन्हा न करता होणारा. खेडला उतरून दापोली. तिथे दोन रात्री: एक दिवस हर्णै बंदर आणि सुवर्णदुर्ग, दुसरा दिवस आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती किंवा महर्षी कर्व्यांचं मुरूड. तिसऱ्या सकाळी दापोलीहून दाभोळची गाडी, दाभोळला चंडिकादेवीचं दर्शन, फेरीबोटीने धोपावे, पुढे गुहागर. गुहागरला दोन रात्री, मग चिपळूणमार्गे रेल्वेने परत. यात आल्या स्टेशनला परत यायचं नाही, म्हणून जाताना खेड आणि येताना चिपळूण अशी वेगवेगळी तिकिटं काढावी लागतात.

घाटावरून येणाऱ्यांसाठी

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याहून थेट रेल्वे नाही. एसटीचा घाट हाच रस्ता. कोल्हापूरहून रत्नागिरीला आंबा घाट, वैभववाडीला गगनबावड्यावरून, कणकवलीला राधानगरी मार्गे फोंडा घाट. कराडहून चिपळूणला कुंभार्ली घाट. बेळगाव-आजऱ्याकडून सावंतवाडीला आंबोली. पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव गाठता येतं. तळकोकणात जायचं असेल तर पनवेलला येऊन रेल्वे धरणं किंवा रात्रीची एसटी हे दोन पर्याय. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद होऊ शकतो, त्यामुळे निघण्याच्या दिवशी सकाळी आगारात फोन करा. त्या काळात शेवटच्या गाडीवर विसंबू नका.

ऋतू आणि सण

पावसाळ्यात कोकण रेल्वे वेगळ्या वेळापत्रकाने धावते, कारण डोंगरकापांच्या भागात गाड्यांचा वेग कमी ठेवतात. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. या काळात जुन्या तिकिटावरची किंवा आठवणीतली वेळ धरू नका. सिंधुदुर्ग, जंजिऱ्यासारख्या जलदुर्गांच्या होड्या आणि गेटवेची लाँच मे-जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. पावसाळ्यातलं कोकण पाहायला या, पण किल्ल्यासाठी सप्टेंबरनंतर या.

गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी घरी येतो. रेल्वे विशेष गाड्या सोडते, एसटी मुंबई-ठाण्याहून हजारो जादा गाड्या सोडते, तरी जागा पुरत नाही. या दिवसांत पर्यटनासाठी जाण्याचं टाळा. त्या जागेवर घरी पोचायची वाट पाहणाऱ्याचा हक्क मोठा आहे. गर्दी नको असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरचे सणाबाहेरचे दिवस आणि जानेवारी-फेब्रुवारी उत्तम.

सवलती आणि सामान

एसटीत राज्याच्या हद्दीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, आणि ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून प्रवास मोफत. वयासाठी ओळखपत्र जवळ ठेवा. सिंधुदुर्गातून गोव्यात जाणाऱ्या गाडीत महिलांची सवलत राज्याच्या सीमेपर्यंतच लागते. खूप फिरायचं असेल तर चार किंवा सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पास आगारात मिळतो. त्याची किंमत आणि तुमच्या बेताची तिकिटं यांची आधी बेरीज करून पाहा. एकाच तालुक्यात राहणाऱ्याला सुटी तिकिटंच स्वस्त पडतात.

यूपीआयने तिकीट निघतं, पण सड्यावर आणि घाटात रेंज जाते. दहा-वीस-पन्नासच्या नोटा वेगळ्या काढून ठेवा. सामान पाठीवर मावेल इतकंच घ्या. गर्दीच्या गाडीत मोठी चाकाची बॅग तुम्हालाही जड आणि शेजारच्या मावशीच्या टोपलीलाही अडचण. पाणी, बॅटरी आणि छत्री बारा महिने जवळ हवी.

तिकीट घेऊन प्रवास का करायचा

कोकणातल्या लांबच्या वाडीला जाणारी फेरी उत्पन्न पाहून चालू राहते. दुपारच्या फेरीत माणसं कमी दिसू लागली की ती आधी एक दिवसाआड होते आणि मग बंद पडते. तिचा फटका पर्यटकाला बसत नाही. तो बसतो शाळेतून दोन-तीन किलोमीटर चालत घरी जाणाऱ्या मुलीला आणि औषधासाठी तालुक्याला जाणाऱ्या म्हाताऱ्याला. पाहुण्याने काढलेलं एक तिकीट लहान असतं, पण हंगामभर शेकडो पाहुणे त्या फेरीत बसले तर तिच्या हिशेबात ते दिसतं.

म्हणून प्रवास संपल्यावर आणखी एक काम करा. एखादी फेरी चांगली चालली, वाहकाने मदत केली, किंवा स्टेशनला जोडणारी गाडी असायला हवी असं वाटलं, तर आगारप्रमुखांच्या नावे चार ओळी लिहा: तारीख, मार्ग, वेळ आणि तुमचं म्हणणं. मुक्कामाच्या गावची ग्रामपंचायतही अशी मागणी करू शकते, तिथल्या सरपंचांना सांगून पाहा. गाडी सुरू ठेवण्यासाठी गावाला पुरावा लागतो, आणि तुमचं पत्र हा त्यातला एक पुरावा ठरतो.